वासुदेव गायतोंडे

वासुदेव संतू गायतोंडे (जन्म : नागपूर, २ नोव्हेंबर १९२४, मृत्यू : १० ऑगस्ट २००१) हे विसाव्या शतकातील एक श्रेष्ठ भारतीय चित्रकार होते. रूपाकृतीचा आधार सोडून केवळ रंग, पोत आणि प्रकाश यांतून चित्र उभे करणाऱ्या भारतीय चित्रकारांत त्यांचे नाव प्रथम घेतले जाते. स्वतःच्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना मान्य नव्हते. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द त्यांना अधिक योग्य वाटे. त्यांनी चित्रे मोजकीच काढली. उमेदीच्या काळातही वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण होत. इतक्या अल्प निर्मितीवर उपजीविका चालवणारा हा चित्रकार नोकरीच्या मागे लागला नाही आणि मागणीनुसार चित्रे काढण्याच्या वाटेलाही गेला नाही. त्यामुळे त्यांचे चरित्र हा चित्रकाराला मिळणाऱ्या आधाराचाही इतिहास ठरतो. स्वस्तातली कार्यशाळा, मोजके संग्राहक, एक परदेशी अभ्यासवृत्ती आणि उतारवयातील एक राज्यस्तरीय सन्मान असे या आधाराचे टप्पे होते.

जन्म, कुटुंब आणि नागपूर

गायतोंडे कुटुंब मूळचे गोव्याचे. वासुदेव यांचा जन्म मात्र नागपुरात झाला. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होती. त्यांचे नागपुरातील वास्तव्य फार काळ टिकले नाही. बालपणाचा काही भाग गोव्यात गेला आणि पुढे कुटुंब मुंबईत, गिरगावातील चाळीत राहू लागले. चित्रकला हा पोट भरण्याचा मार्ग होऊ शकतो, हे त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांना सहजी पटत नसे. गायतोंडे यांच्याही घरून या निवडीला विरोध झाला. पुढे घराशी असलेला त्यांचा संबंध विरळ होत गेला. ते आयुष्यभर अविवाहित राहिले.

नागपूरशी त्यांचे नाते जन्मापुरतेच राहिले. तरी मुंबईतील ज्या वर्तुळात ते वाढले, त्यात विदर्भाचे धागे बरेच होते. सर जे. जे. कलाशाळेत त्यांना शिकवणारे शंकर पळशीकर हे भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे एक संस्थापक हरी अंबादास गाडे हे अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे. त्याच ग्रुपचे दुसरे संस्थापक सय्यद हैदर रझा यांचे कलाशिक्षण १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या चित्रकला विद्यालयात झाले. रझा १९४३ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती घेऊन मुंबईला निघाले. ते पोहोचेपर्यंत प्रवेशाची मुदत उलटून गेली होती आणि शिष्यवृत्तीही हातची गेली. परत न जाता त्यांनी एका ब्लॉक बनवणाऱ्या छापकामाच्या कारखान्यात नोकरी धरली आणि मुंबईतच राहिले. मुदत चुकल्यामुळे वृत्ती गमावण्याचा हा प्रसंग आजच्या कलाविद्यार्थ्यांनाही अपरिचित वाटू नये. याच रझांना पुढे १९५० साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पॅरिसला गेले.

शिक्षण आणि प्रारंभीची चित्रे

गायतोंडे यांनी सर जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली पदविका घेतली. शाळेत त्या वेळी दोन प्रवाह एकत्र नांदत होते. एकीकडे ब्रिटिश पद्धतीचे मानवाकृतीचे अभ्यास करून घेतले जात, तर दुसरीकडे जगन्नाथ अहिवासी आणि नंतर पळशीकर यांच्यासारखे शिक्षक भारतीय लघुचित्रांची शिस्त शिकवत. गायतोंडे यांची सुरुवातीची चित्रे या दुसऱ्या प्रवाहातली आहेत. सपाट, झगझगीत रंग, ठाम बाह्यरेषा आणि छायाप्रकाशाला फाटा देणारी मांडणी या चित्रांत दिसते. बसोली शैलीचा आणि जैन पोथ्यांतील चित्रांचा अभ्यास त्यांत जाणवतो. उत्तरकाळातील गायतोंडे माहीत असलेल्या प्रेक्षकाला ही चित्रे दुसऱ्याच कुणाची वाटतात.

१९५०च्या सुमारास ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संपर्कात आले. १९४७ साली स्थापन झालेल्या या गटातील फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले होते, रझा पॅरिसला निघाले होते आणि गट विस्कळीत होत होता. गायतोंडे यांचा स्वभावही गटात रमणारा नव्हता. तरी या वर्तुळामुळे त्यांना मकबूल फिदा हुसेन, तैयब मेहता, अकबर पदमसी, कृष्ण खन्ना, बाळ छाबडा यांसारखे स्नेही मिळाले. याच वर्तुळाभोवती मध्य युरोपातून मुंबईत आलेली तीन रसिक माणसे होती : चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ व्हॉन लायडन आणि उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर. सरकारी कलासंस्था अजून उभ्या राहायच्या होत्या. ललित कला अकादमी आणि दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय या दोन्हींचा जन्म १९५४चा. त्यामुळे तोवर तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेणारे लोक बोटांवर मोजण्याइतकेच होते.

पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात गायतोंडे यांच्यावर पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा प्रभाव पडला. मानवाकृती हळूहळू रेषेत विरघळली आणि मग रेषाही मागे हटली. १९५७ साली टोकियो येथे भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९५९ साली न्यू यॉर्कच्या ग्रॅहॅम गॅलरीतील भारतीय चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती.

भुलाभाई देसाई स्मारक संस्था

या काळातील गायतोंडे समजून घ्यायचे, तर मुंबईच्या वॉर्डन रोडवरील समुद्राकाठच्या एका बंगल्याकडे पाहावे लागते. नामवंत कायदेपंडित आणि काँग्रेस नेते भुलाभाई देसाई यांचे १९४६ साली निधन झाले. त्यानंतर त्यांच्या घरात त्यांच्या स्नुषा माधुरी देसाई आणि सोली बाटलीवाला यांच्या पुढाकाराने भुलाभाई देसाई स्मारक संस्था सुरू झाली. संस्थेने कलावंतांना रोख मदत करण्यापेक्षा त्यांना जागा दिली. खोल्यांचे भाडे नाममात्र होते. दिवसाला एक रुपया, असे सांगितले जाते. हुसेन यांची कार्यशाळा येथे होती, गायतोंडे यांची होती, दशरथ पटेल यांची होती. पुढे नसरीन मोहमदीही येथे काम करू लागल्या. इब्राहिम अल्काझी यांच्या नाटकाच्या तालमी येथे चालत. गच्चीवर प्रयोग होत. रविशंकर येथे सतार शिकवत. बाळ छाबडा यांनी १९५९ साली सुरू केलेली 'गॅलरी ५९' याच आवारात होती.

मुंबईतील चित्रकाराची पहिली अडचण नेहमीच जागेची राहिली आहे. गिरगावच्या चाळीतल्या दोन खोल्यांत पाच फूट उंचीचा कॅनव्हास उभा करून दिवसच्या दिवस ओला ठेवता येत नाही. गायतोंडे यांची नंतरची पद्धत थरावर थर चढवण्याची, एक थर वाळेपर्यंत थांबण्याची आणि मध्ये नुसते बघत बसण्याची होती. अशा कामाला कुणी हात न लावणारी जागा अत्यावश्यक असते. भुलाभाई संस्थेने ती पुरवली. संस्थेने त्यांच्याकडून त्या बदल्यात चित्र मागितले नाही, वर्ग घेण्याची सक्ती केली नाही, की अहवाल मागितला नाही. शेजारच्या खोलीतून सतार ऐकू यावी आणि खाली ग्रीक नाटकाची तालीम चालावी, असे शेजारही फुकटात मिळाले. गायतोंडे यांना पाश्चात्त्य व भारतीय अभिजात संगीताची आणि जागतिक चित्रपटांची मनापासून आवड होती.

साठच्या दशकात ही संस्था बंद पडली. बंगला पाडला गेला आणि त्या जागी 'आकाशगंगा' ही उंच इमारत उभी राहिली. मुंबईच्या कलाजीवनात या जागेची उणीव पुढे पूर्णपणे भरून निघाली नाही.

संग्राहक आणि संस्था

याच वर्षांत चित्रांची खरेदी करणाऱ्या काही नव्या व्यवस्था मुंबईत तयार झाल्या. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी मुंबईतील समकालीन चित्रकारांची चित्रे पद्धतशीरपणे विकत घेतली. कुलाब्याच्या त्या इमारतीत भौतिकशास्त्रज्ञांच्या वाटेवर गायतोंडे यांची चित्रे टांगलेली होती. एअर इंडियानेही चित्रसंग्रह केला. १९६३ साली केकू गांधी यांची केमोल्ड गॅलरी आणि काली पंडोल यांची पंडोल आर्ट गॅलरी सुरू झाली. पंडोल गॅलरीशी गायतोंडे यांचे संबंध दीर्घकाळ राहिले. जहांगीर निकल्सन यांनी १९६८पासून चित्रे जमवायला सुरुवात केली. त्यांच्या संग्रहात गायतोंडे यांच्या चित्रांना मानाचे स्थान आहे. तो संग्रह आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

या सर्वांची बेरीज करूनही उत्पन्न बेताचेच होते. गायतोंडे यांच्या राहणीचा साधेपणा पुष्कळदा वैराग्य म्हणून वर्णिला जातो. तो काही अंशी हिशेबही होता. गरजा कमी ठेवल्या की चित्राची घाई करावी लागत नाही.

रॉकफेलर निधीची अभ्यासवृत्ती

१९६३ साली अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज मुंबईत आले होते. गायतोंडे यांची चित्रे पाहून ते प्रभावित झाले आणि त्यांनी न्यू यॉर्कच्या विलर्ड गॅलरीला त्यांच्याविषयी पत्र लिहून कळवले. त्याच वर्षी जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांनी स्वतःच्या नावाचा एक निधी स्थापन केला. अमेरिका आणि आशिया यांच्यातील सांस्कृतिक देवाणघेवाण वाढवणे हा त्याचा एक प्रमुख उद्देश होता. आशियाई कार्यक्रमाची धुरा पोर्टर मॅक्रे यांच्याकडे होती. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम त्यांनी आधी सांभाळला होता. अमेरिकन चित्रे जगभर पाठवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता आणि आता ते जगभरातले चित्रकार अमेरिकेत आणत होते.

गायतोंडे यांना या निधीची अभ्यासवृत्ती १९६४ साली मिळाली. या निधीच्या पहिल्या भारतीय मानकऱ्यांपैकी ते एक होत. त्यांच्यापूर्वी कृष्ण खन्ना यांना १९६२ साली रॉकफेलर वृत्ती मिळालेली होती. नंतरच्या काळात अकबर पदमसी, नटवर भावसार, के. जी. सुब्रमण्यन, तैयब मेहता, राम कुमार अशा अनेकांना या निधीने अमेरिकेत नेले. स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेचा इतिहास लिहिताना या यादीला वगळून पुढे जाता येत नाही.

अशा वृत्तीचे मोल समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. परकीय चलनावर कडक निर्बंध होते. खिशात रुपये असले तरी ते डॉलरमध्ये बदलून घेण्यासाठी सरकारी मंजुरी लागे. जून १९६६मधील अवमूल्यनापूर्वी एका डॉलरला पावणेपाच रुपयांच्या आसपास मोजावे लागत, अवमूल्यनानंतर साडेसात. पुस्तकांतील छापील चित्रांवरून पाश्चात्त्य कलेची कल्पना करणे, हाच बहुतेकांपुढचा मार्ग होता आणि त्या छपाईत रंगाचा पोत मुळीच उतरत नसे. पोतावरच चित्र उभे करणाऱ्या माणसासाठी ही उणीव लहान नव्हती. रॉकफेलर निधीची वृत्ती पदवीच्या अभ्यासासाठी नव्हती. प्रवास करावा, संग्रहालये पाहावीत, समकालीनांना भेटावे आणि काम करावे, अशी तिची ढोबळ रचना होती.

या वृत्त्यांमागे शीतयुद्धाचे राजकारण होते, हे आता सर्वमान्य आहे. आशियातील बुद्धिजीवी आणि कलावंत अमेरिकेकडे झुकावेत, ही इच्छा त्या काळातील अशा अनेक उपक्रमांच्या पोटात होती. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातील देशही त्याच हेतूने भारतीय चित्रकारांना बोलावत आणि त्यांची प्रदर्शने भरवत. मात्र वृत्ती देणाऱ्याचा हेतू आणि ती घेणाऱ्याने तिचा केलेला उपयोग या दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहाव्या लागतात. गायतोंडे यांच्या बाबतीत तरी या हेतूचा चित्रांवर परिणाम झाल्याचे दिसत नाही.

न्यू यॉर्क

१९६४-६५ मध्ये गायतोंडे न्यू यॉर्कमध्ये राहिले. मुक्काम तेविसाव्या रस्त्यावरील चेल्सी हॉटेलात होता. लेखक, संगीतकार आणि चित्रकार यांचा तिथे दीर्घकाळ राबता असे. तेथील त्यांच्या खोलीची, भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासांची आणि काम करणाऱ्या गायतोंडे यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. 

ते पोहोचले तेव्हा त्या शहराची कलाविषयक हवा पालटत होती. मार्क रॉथको, बार्नेट न्यूमन यांची पिढी प्रतिष्ठेच्या शिखरावर होती. पण चर्चा पॉप कलेची होती. १९६४ सालीच व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात रॉबर्ट राउशेनबर्ग यांना चित्रकलेचे मोठे पारितोषिक मिळाले होते. जाहिराती, चित्रकथा आणि डबाबंद सूप यांची चित्रे गॅलऱ्यांतून लागत होती. गायतोंडे यांच्या चित्रांत यातले काहीही शिरले नाही.

रॉथको यांच्या प्रभावाचा प्रश्न मात्र वारंवार विचारला जातो. दोघांच्या चित्रांत रंगाच्या मोठ्या क्षेत्रांतून उजळणारा प्रकाश आहे आणि गायतोंडे यांना अमेरिकेत रंगक्षेत्रीय चित्रे प्रत्यक्ष पाहता आली, म्हणून हा संबंध सहज जोडला जातो. चित्रांच्या तारखा पाहिल्यास तो तितका सरळ राहत नाही. गायतोंडे यांचे वस्तुनिरपेक्ष चित्रणाकडे वळणे १९५७ ते १९६२ या काळात, म्हणजे अमेरिकेला जाण्यापूर्वीच पूर्ण झाले होते. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असलेले त्यांचे 'पेंटिंग, ४' हे चित्र १९६२ सालचे आहे आणि त्यात नंतरच्या गायतोंडे यांची सारी लक्षणे आढळतात. रॉथको यांचे रंगपट्ट कडा राखून असतात. गायतोंडे यांच्या चित्रांत रंगाच्या धुक्यातून लहान, अवाचनीय, लिपीसारखे आकार वर येतात आणि पुन्हा बुडतात. अभ्यासवृत्तीने त्यांना शैली दिली असे म्हणण्यापेक्षा, स्वतः निवडलेली वाट एकट्याची नाही ही खात्री दिली, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून होईल. पायाखालच्या गोष्टी मात्र बदलल्या : मोठे आकार, उत्तम प्रतीचे रंग आणि महिनोन्महिने अखंड काम करण्याची सवय.

चित्रपद्धती

गायतोंडे ब्रशपेक्षा रंगाऱ्याचा रोलर आणि पॅलेट नाइफ अधिक वापरत. तैलरंग पातळ करून रोलरने थर द्यायचा, पात्याने तो खरवडायचा, ओलसर असताना पुन्हा दुसरा थर द्यायचा, असा क्रम चाले. पुढे ते वर्तमानपत्राचे वा मासिकाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलून घेत. कागदाबरोबर काही रंग निघून येई आणि मागे अनपेक्षित आकार उरत. हे सगळे अपघाती भासले तरी त्यामागे दीर्घ तयारी असे. हातात रोलर घेण्याआधी ते दिवसेंदिवस कोऱ्या कॅनव्हाससमोर बसत.

साठच्या दशकाच्या पूर्वार्धातील चित्रे बहुधा आडवी आहेत आणि पाहणाऱ्याला समुद्र किंवा क्षितिज आठवते. १९६८च्या सुमारापासून ते उभ्या आकाराकडे वळले. क्षितिजाची आठवणही गेली. बहुतेक चित्रांना शीर्षक नाही, केवळ वर्ष हीच त्यांची ओळख. झेन बौद्ध विचार, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणीचा त्यांच्यावर परिणाम होता. या परिणामाचे वर्णन करताना मराठी व इंग्रजी लेखनात गायतोंडे यांना योगी ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. रोलर, टर्पेंटाइन आणि फाटके वर्तमानपत्र घेऊन तासन्‌तास चालणारे त्यांचे काम त्या मोहात झाकले जाते.

दिल्ली

१९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी ते मुंबई सोडून दिल्लीला गेले. भुलाभाई संस्था राहिली नव्हती आणि मुंबईत राहण्या-काम करण्यापुरती जागा मिळवणे आवाक्याबाहेर गेले होते. दिल्लीत निझामुद्दीन पूर्व या वस्तीत त्यांनी बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली, भाड्याने घेतली. एक पलंग, पुस्तके, ध्वनिमुद्रिका आणि ईझल एवढ्या संसारावर त्यांनी तिथे अनेक वर्षे काढली. राम कुमार आणि कृष्ण खन्ना दिल्लीतच होते. तरी गाठीभेटी कमी होत गेल्या. प्रदर्शनांच्या उद्घाटनांना ते सहसा जात नसत. कार्यशाळेत कुणी आलेले त्यांना फारसे रुचत नसे.

त्यांच्या सर्वोत्तम चित्रांपैकी बरीच सत्तरच्या दशकात या खोलीत तयार झाली. याच काळात पदमसी यांना मिळालेल्या जवाहरलाल नेहरू अभ्यासवृत्तीतून मुंबईत चित्रकार आणि चित्रपटकारांची एक सामाईक कार्यशाळा उभी राहिली होती. वृत्तीचा असा सामुदायिक उपयोग करणारे पदमसी आणि ती मिळाल्यावर अधिकच एकांतात गेलेले गायतोंडे, ही एकाच पिढीतील दोन टोके आहेत.

१९८४ साली ऑटोरिक्षाच्या अपघातात त्यांच्या मानेला गंभीर इजा झाली. मोठ्या कॅनव्हासवर रोलर फिरवणे अशक्य झाले. काही वर्षे त्यांनी कागदावर शाईने रेखाचित्रे केली. लिपीसारख्या खुणांची ही लहान चित्रे रंगाविना उभी राहतात आणि त्यांच्या कॅनव्हासांतील आकारांचे मूळ दाखवतात. चित्र काढले नाही तर उत्पन्न नाही, अशा व्यवसायात शारीरिक इजा म्हणजे थेट उपजीविकेवर घाव असतो. नोकरी नसल्यामुळे निवृत्तिवेतन नव्हते. घर स्वतःचे नव्हते.

१९८९ साली मध्य प्रदेश शासनाने त्यांना कालिदास सन्मान दिला. भोपाळमध्ये भारत भवन उभे राहिल्यापासून त्या राज्याने कलावंतांच्या सन्मानाची जी परंपरा घातली, तिच्यातला हा मोठा पुरस्कार. गायतोंडे यांचा जन्म झाला तेव्हा त्या राज्याचा बराच मुलूख नागपूरहून चालवला जात असे आणि १ नोव्हेंबर १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. नागपुरात जन्मलेल्या या चित्रकाराचा उतारवयातील मोठा सन्मान असा भोपाळहून आला.

ऐंशीच्या दशकाअखेरीस ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. १९९५ सालापर्यंतची काही चित्रे त्यांच्या उत्कृष्ट कामांत गणली जातात. सुनील कालदाते यांनी त्यांच्यावर एक माहितीपट तयार केला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रकृती साथ देईनाशी झाली आणि चित्रकाम थांबले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी या घटनेची फारशी वाच्यता झाली नाही.

मरणोत्तर कीर्ती आणि किमती

न्यू यॉर्कच्या सॉलोमन आर. गुगेनहाइम संग्रहालयात ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात गायतोंडे यांचे सिंहावलोकनपर प्रदर्शन झाले. संधिनी पोद्दार यांनी त्याचे संयोजन केले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह अनेक भारतीय संग्रहांतील चित्रे त्यासाठी नेण्यात आली. नंतर ते व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात मांडले गेले. अभ्यासवृत्तीवर त्या शहरात आल्यानंतर अर्धशतकाने त्यांच्या चित्रांना तिथे ही जागा मिळाली.

लिलावांतील किमती याच सुमारास वाढू लागल्या. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्टीज या संस्थेच्या भारतातील पहिल्या लिलावात १९७९ सालचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. २०१५ मध्ये १९९५ सालच्या चित्राला २९.३ कोटी रुपये मिळाले. मार्च २०२१ मध्ये १९६१ सालच्या चित्राची किंमत ३९.९८ कोटींवर गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १९७० सालच्या एका चित्राने ६७ कोटींचा टप्पा ओलांडला. दिवसाला एक रुपया भाड्याच्या खोलीची आठवण या आकड्यांशेजारी ठेवली, की पैसा कोणत्या टप्प्यावर येतो आणि कुणाकडे जातो, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

भारतीय कायद्यात याचे अर्धेमुर्धे उत्तर आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४च्या दुरुस्तीने कलम ५३अ घालण्यात आले. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्राची पुनर्विक्री झाल्यास चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यातील वाटा मिळण्याचा हक्क हे कलम देते. या वाट्याची कमाल मर्यादा दहा टक्के आहे. फ्रान्समध्ये असा हक्क १९२० सालापासून आहे. भारतात तो कायद्याच्या पुस्तकात आला तरी कला-बाजाराच्या नित्य व्यवहारात रुजला नाही.

रॉकफेलर निधीचा आशियाई कार्यक्रम पुढे १९८०मध्ये एशियन कल्चरल कौन्सिल या स्वतंत्र संस्थेत रूपांतरित झाला आणि ती आजही आशियाई कलावंतांना प्रवास व निवासासाठी वृत्ती देते. नागपूरला शिकलेल्या रझांनी स्वतःच्या चित्रांच्या उत्पन्नातून दिल्लीत रझा प्रतिष्ठान स्थापन केले. तरुण चित्रकार व लेखकांना साहाय्य करणे हे त्याचे एक काम आहे.

मराठीतील लेखन

हयातीत गायतोंडे यांच्याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले. ते स्वतः लिहीत नसत आणि मुलाखती क्वचितच देत. त्यांच्या मृत्यूनंतर सतीश नाईक यांच्या 'चिन्ह' या मराठी कलाविषयक नियतकालिकाने त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. सहाध्यायी, चित्रकार-मित्र, नातलग आणि गॅलरीचालक यांच्याकडून मिळालेला हा मजकूर पुढे 'गायतोंडे' या ग्रंथात एकत्र झाला. इंग्रजीत मीरा मेनेझिस यांनी लिहिलेले चरित्र २०१६ साली प्रकाशित झाले. चित्रकार प्रभाकर कोलते यांच्यासह नंतरच्या पिढीतील अनेक मराठी अमूर्त चित्रकारांनी गायतोंडे यांचे ऋण वेळोवेळी मान्य केले आहे. त्यांची चित्रे दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था, जहांगीर निकल्सन संग्रह आणि न्यू यॉर्कचे आधुनिक कला संग्रहालय येथे आहेत.